एका मिलिमीटरची हद्द

आंबोलीच्या एखाद्या कड्यावर उभे राहून समोरच्या दरीचे छायाचित्र घेणाऱ्या माणसाला स्पष्टतेची चिंता फारशी करावी लागत नाही. हात स्थिर असला आणि उजेड बऱ्यापैकी असला, की चार हातांवरील करवंदीच्या जाळीपासून थेट क्षितिजावरील निळसर डोंगररांगेपर्यंत सारे काही एकाच चौकटीत नीटस उमटते. परंतु तोच माणूस गुडघे टेकून त्याच करवंदीच्या पानावर बसलेल्या, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या सोंडकिड्याकडे कॅमेरा वळवतो, तेव्हा अवघी दरी सामावून घेणारे ते यंत्र त्या इवल्याशा जीवापुढे अकस्मात लंगडे पडते: सोंड स्पष्ट आली तर डोळा धूसर, डोळा साधला तर पाठीवरचे खवले धुक्यात, आणि पाठ साधावी म्हणून जरा मागे सरावे तर किडा पानाच्या खालच्या अंगाला. कीटकांची छायाचित्रे काढू पाहणाऱ्या प्रत्येक नवशिक्याची हीच तक्रार असते, आणि बहुतेकांचा समज असा असतो की अधिक किमतीचे भिंग घेतल्यास ती दूर होईल. तो समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी प्रथम मूळ अडचण काय आहे ते समजून घेतले पाहिजे.

वस्तूवरील एका बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या पृष्ठभागावर पसरून पोहोचतात, भिंग त्यांना वळवून पुन्हा एका बिंदूत एकत्र आणते, आणि तो संगमबिंदू बरोबर सेन्सरवर, म्हणजे पूर्वी जिथे फिल्म असे तिथे, पडला तर त्या बिंदूला आपण स्पष्ट म्हणतो. तो अलीकडे किंवा पलीकडे पडला, तर सेन्सरवर बिंदूऐवजी एक लहानसे वर्तुळ उमटते, आणि अशी असंख्य वर्तुळे एकमेकांवर चढली म्हणजे चित्र धूसर होते. दूरच्या डोंगराकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असल्यामुळे डोंगर शंभर पावले पुढे असला काय किंवा मागे असला काय, संगमबिंदूला त्याचा पत्ताही लागत नाही. पण वस्तू भिंगापासून काही इंचांवर आली, की तिच्या अंतरातील तिळभर फरकही तो बिंदू सेन्सरपासून दूर लोटण्यास पुरेसा होतो.

याचा हिशेब आकड्यांत मांडून पाहणे उद्बोधक आहे. दहा मिलिमीटर लांबीची मधमाशी सेन्सरवरही दहाच मिलिमीटर लांबीची उमटावी, इतके जवळ आपण गेलो आहोत असे धरू. सेन्सर छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला व्यवसायातील लोक फुल फ्रेम म्हणतात तो, आणि ॲपर्चर, म्हणजे भिंगातील प्रकाशाचे छिद्र, एफ ८. अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा पुढून मागे मोजला असता सुमारे एक मिलिमीटर भरतो. प्रतिमा मूळ वस्तूच्या दुप्पट करू गेले तर तो एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास उतरतो, आणि पाचपटीला पोहोचले तर एक दशांश मिलिमीटरच्या घरात येतो. मधमाशीच्या शृंगिकेच्या टोकापासून तिच्या डोळ्यापर्यंतचे अंतरच याहून अधिक असते, मग पंख आणि पाय यांची कथा काय सांगावी? छायाचित्रकार कॅमेऱ्यापुढे हवेत एक अदृश्य कागद ताठ धरून उभा आहे, आणि कीटकाचा जेवढा भाग त्या कागदात सापडेल तेवढाच त्याच्या पदरात पडणार आहे, अशी कल्पना केली तर ती वस्तुस्थितीपासून फार दूर नाही.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे ॲपर्चर लहान करणे. छिद्र लहान केले की किरणांचा शंकू अरुंद होतो, धूसरतेची वर्तुळे आक्रसतात आणि पट्टा जाड होतो, हे खरे आहे. एफ ८ ऐवजी एफ १६, म्हणजे निम्म्या व्यासाचे छिद्र, केल्यास एकाचे दोन मिलिमीटर होतात. पण प्रकाश हा लहरींचा बनलेला असल्यामुळे या सवलतीचा मोबदला दुसऱ्या हाताने वसूल केला जातो. जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज ज्योतिर्विदाने १८३५ साली गणिताने दाखवून दिले की गोल छिद्रातून येणारा प्रकाश कितीही निर्दोष भिंग असले तरी बिंदूवर येऊन थांबत नाही, तो एका चकतीच्या रूपाने पसरतो, आणि छिद्र जितके लहान तितकी ती चकती मोठी. त्यातून कीटकाच्या इतके जवळ जाण्यासाठी भिंग सेन्सरपासून दूर सरकवावे लागते, आणि त्यामुळे कॅमेऱ्यावर एफ १६ असा आकडा दिसत असला तरी प्रकाशाच्या हिशेबी तो एफ ३२ होऊन बसलेला असतो. तेथे एअरीच्या चकतीचा व्यास चार शतांश मिलिमीटरपर्यंत जातो, आणि मग पट्टा जाड झाला तरी त्या पट्ट्यातील एकही केस धारदार राहत नाही; सारेच थोडे थोडे मऊ पडते. म्हणून मूळ आकाराएवढ्या प्रतिमेसाठी एफ ८ ते एफ ११ एवढ्यावर समाधान मानावे आणि प्रतिमा त्याहून मोठी करायची तर छिद्र उलट थोडे उघडावे, हा शिरस्ता अनुभवी मंडळींनी घालून घेतला आहे आणि तो योग्य आहे. एफ २२ वर काढलेली, सर्वत्र सारखीच मऊ पडलेली छायाचित्रे पाहिली की वाईट वाटते, कारण ती काढणाऱ्याने कष्ट पुरेपूर घेतलेले असतात.

येथे भिंगांच्या इतिहासातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. छोट्या कॅमेऱ्यासाठी जवळचे स्पष्ट दाखवणारे, म्हणजे ज्याला मॅक्रो म्हणतात ते, भिंग हाइन्झ किलफिट याच्या कारखान्याने १९५५ साली बाजारात आणले, आणि पुढच्याच वर्षी निकॉन कंपनीने जपानात पाच सेंटिमीटर नाभ्यंतराचे मायक्रो-निक्कोर भिंग काढले. त्या जपानी भिंगामागची गरज कीटकांची नव्हती, दप्तराची होती: कागदपत्रांची सूक्ष्मचित्रे फिल्मवर घेऊन साठवण्याची पद्धत तेव्हा रूढ होत होती, आणि रोमन अक्षरांना पुरणारे भिंग चिनी-जपानी चित्राक्षरांमधील दाट, बारीक रेघा वेगवेगळ्या दाखवू शकत नव्हते. मॅक्रो भिंगाच्या घराण्यात असा दस्तऐवजांचा वारसा आहे, आणि त्याचे परिणाम आजही दिसतात. ही भिंगे सपाट पृष्ठ एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अप्रतिम उमटवतात. पण कीटक सपाट नाही. त्याला पुढे आलेल्या शृंगिका आहेत, सहा दिशांना पसरलेले सहा पाय आहेत, वर उचललेले पंख आहेत, आणि भिंग कितीही मौल्यवान असले तरी पट्ट्याची जाडी वाढवून देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. प्रतिमेचा आकार, ॲपर्चर आणि सेन्सर मुक्रर झाले की ती जाडी ठरून गेलेली असते. महाग भिंगाने रंग शुद्ध येतील, काठ निर्मळ येतील, अंतर राखून काम करता येईल. नवशिक्याची मूळ तक्रार मात्र जशीच्या तशी उरेल.

मग उरते काय? उरते ती निवड. मिलिमीटरभर जाडीचा तो कागद कीटकाच्या शरीरातून कोठून आणि कोणत्या कोनाने न्यायचा, हे ठरवणे, आणि ठरवलेल्या जागीच शटर दाबणे. माझ्या मते या कलेचा नऊ दशांश भाग एवढाच आहे.

निवडीचा पहिला नियम सर्वांना ठाऊक आहे, की डोळा स्पष्ट हवा. चतुराचा शेपटीपर्यंतचा सारा देह धूसर असला आणि डोळ्यांवरील षट्कोनी जाळी रेघेरेघेने उमटली असली तर पाहणारा त्या चित्रापुढे थांबतो. याच्या उलट झाले तर तो चित्र सदोष मानून पुढे जातो. पण डोळा म्हणजे डोळ्याचा नेमका कोणता भाग, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कीटकाचा संयुक्त डोळा हा फुगीर असतो. मोठ्या चतुराच्या एकेका डोळ्यात हजारो, काही जातींत तर अठ्ठावीस-तीस हजार नेत्रिका असतात, आणि त्या गोलाकार पृष्ठावर पसरलेल्या असल्यामुळे डोळ्याचा सर्वांत पुढे आलेला उंचवटा आणि त्याची कड यांच्यातच मिलिमीटरभर अंतर पडते. इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा फोकसच्या प्रतलाच्या पुढे आणि मागे जवळजवळ सारखा विभागलेला असतो. सबब अगदी पुढच्या उंचवट्यावर फोकस ठेवला तर पट्ट्याचा अर्धा भाग डोळ्यापुढच्या रिकाम्या हवेत वाया जातो. उंचवट्याच्या किंचित मागे प्रतल ठेवावे, म्हणजे दोन्ही अर्धे कामी येतात. खंडोबाच्या किड्याच्या डोळ्यात आपल्याकडेच रोखून पाहणारा जो काळा ठिपका दिसतो, त्यावर फोकस करण्याचा मोह होतो. पण ती बाहुली नव्हे. ज्या नेत्रिका नेमक्या आपल्या दिशेने उघडलेल्या असतात त्या प्रकाश गिळून टाकतात, म्हणून तेवढी जागा काळी दिसते, आणि आपण बाजूला सरकलो की तो ठिपकाही डोळ्यावरून सरकतो. ठिपक्याकडे न पाहता त्याभोवतीची बारीक जाळी उमटते आहे की नाही ते पाहावे.

दुसरा नियम कोनाचा, आणि तो पहिल्याहून अधिक मोलाचा असूनही कमी पाळला जातो. पंख मिटून बसलेले फुलपाखरू तिरप्या बाजूने टिपले तर पंखाची एक बोटभर रुंद पट्टी तेवढी स्पष्ट येईल; तेच छायाचित्रकाराने दोन पावले बाजूला सरकून सेन्सरचे प्रतल पंखाच्या प्रतलाशी समांतर आणले, तर पंखावरील प्रत्येक शीर, कडेची झालर आणि बहुधा डोळाही त्याच पातळ कागदात एकदम सापडतो. ॲपर्चर तेच, भिंग तेच, उजेड तोच. चतुराची सडपातळ बहीण टाचणी बाजूने घ्यावी, पंख पसरून बसलेला चतुर पंखांसाठी हवा असेल तर वरून घ्यावा, आणि चेहऱ्यासाठी हवा असेल तर अगदी समोरून, पंखांचा लोभ सोडून घ्यावा. या दोन इच्छा एका छायाचित्रात पुऱ्या करू पाहणाऱ्याचे दोन्हीही हुकते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दूरचे छायाचित्र घेताना आपण उभे राहतो आणि भिंगाचे कडे फिरवून फोकस जुळवतो. कीटकाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. प्रतिमा किती मोठी हवी ते आधी ठरवून कडे तेथेच ठेवावे, स्वयंचलित फोकस बंद करावा, कारण इतक्या जवळ तो पुढे-मागे चाचपडतच राहतो, आणि मग स्वतःचे शरीर कॅमेऱ्यासकट अगदी मंद गतीने पुढे नेत त्या अदृश्य कागदाला कीटकाच्या डोळ्यापर्यंत पोहोचवावे. कॅनन कंपनीचे मूळ आकारापासून पाचपटीपर्यंत वाढवणारे एक प्रसिद्ध भिंग आहे, त्याला तर फोकसचे वेगळे कडेच नाही; पुढे-मागे व्हायचे ते छायाचित्रकाराने. या सरकण्यात मनुष्याचा श्वास, हृदयाचे ठोके आणि गुडघ्याखाली रुतणारा खडा या सर्वांचा अंमल चालतो. श्वास अर्धा सोडून थांबावे, कोपरे छातीशी अथवा गुडघ्यावर टेकवावीत, आणि जाळी डोळ्यासमोर उमटू लागली की ती पूर्ण उमटण्याच्या क्षणभर आधी शटर दाबावे; कारण बोटाला आज्ञा पोहोचेपर्यंत शरीर तेवढे पुढे गेलेले असते.

वाऱ्याच्या दिवसांत फांदी हलत असेल तेव्हा एक युक्ती फार उपयोगी पडते. कीटक ज्या काडीवर बसला आहे ती काडी त्याच्या वीतभर खाली डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने अलगद धरावी, आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर भिंगाची नळी टेकवावी. आता वारा आला तर काडी, हात आणि भिंग तिन्ही एकत्र हलतात, त्यांच्यातील अंतर बदलत नाही, आणि बोटे किंचित आवळून किंवा सैल करून प्रतल पाव मिलिमीटरनेही सरकवता येते. हे हळू केले, तर गवताच्या पात्यावर बसलेला नाकतोडासुद्धा सहसा जागा सोडत नाही. तिपाईचा उपयोग अशा वेळी फारसा होत नाही. तिपाई कॅमेऱ्याला स्थिर करते, कीटकाला नाही, आणि तिचे तीन पाय गवतात रोवेपर्यंत आसपासचा निम्मा जीवसंसार उठून गेलेला असतो.

प्रकाशाचा बंदोबस्त स्वतंत्रपणे करावा लागतो. मूळ आकाराच्या प्रतिमेला भिंग इतके पुढे आलेले असते की सेन्सरपर्यंत एरवीच्या चतुर्थांश प्रकाशच पोहोचतो, त्यात छिद्र लहान केलेले, आणि त्यात कीटकाचा सूक्ष्म कंपही प्रतिमेत पुरेपूर उतरणारा. म्हणून बहुतेक जण छोटा फ्लॅश वापरतात. कमी ताकदीवर चालवलेल्या फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही अल्प काळ टिकतो, आणि तेवढ्या काळात हाताचा कंप किंवा पंखाची थरथर यांना चित्रात शिरायला वावच मिळत नाही. स्टीफन डाल्टन या ब्रिटिश छायाचित्रकाराने हे तत्त्व पराकोटीला नेले: उडता कीटक एका प्रकाशशलाकेला छेदून गेला की आपोआप उघडणारे, नेहमीपेक्षा कितीतरी शीघ्र असे शटर आणि सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग एवढाच टिकणारा झोत यांची त्याने जोडणी केली आणि १९७५ साली उडत्या कीटकांचे पुस्तक प्रसिद्ध केले, ज्यात पंखांची पिळवटलेली कडसुद्धा स्वच्छ दिसते. आपल्याला एवढी तजवीज नको. फ्लॅशपुढे बटर पेपरचा किंवा पांढऱ्या पातळ प्लास्टिकचा मोठा पडदा आला म्हणजे पुरे. उघड्या फ्लॅशने ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर जो पांढरा डाग पडतो, त्याखालची सारी नक्षी नाहीशी होते, आणि फोकस अचूक असूनही चित्र अस्पष्ट वाटते.

इतके सर्व साधन जमवूनही जो मनुष्य कीटकाच्या स्वभावाला अपरिचित आहे त्याच्या हाती थोडेच लागते. कीटकांचे शरीर सभोवतालच्या उष्णतेवर चालते. पहाटेच्या गारव्यात चतुर, टाचण्या आणि माश्या गवताच्या पात्यांना निश्चल चिकटून असतात, अंगावर दहिवर साठलेले असते, आणि सूर्य कासराभर वर येईपर्यंत त्यांना उडण्याची शक्तीच नसते. दुपारी जो चतुर दहा हातांवरून निसटतो, तोच या वेळी भिंगाच्या टोकाशी बसून राहतो. उन्हे तापल्यावर काम करायचेच असेल तर जागेला बांधलेले कीटक निवडावेत. तळ्याकाठचा चतुर ज्या वाळक्या काडीवरून उठतो, पुष्कळदा तिच्यावरच परत येतो. म्हणून तो उठला की त्याच्यामागे न धावता काडीच्या टोकावर फोकस जुळवून ठेवावा आणि वाट पाहावी. कुंभारीण खिडकीच्या चौकटीत मातीचे घरटे बांधू लागली, की तळ्याकाठचा ओला चिखल तोंडात धरून ती पुन्हा पुन्हा येते. ती गेलेली असताना घरट्याच्या तोंडावर प्रतल बसवावे, आणि ती येऊन मातीचा नवा थर जबड्याने पसरू लागली म्हणजे ती कामात इतकी गढलेली असते की वीतभरावर आलेल्या भिंगाची तिला दखलही नसते. रुईच्या फुलावर येणारा काळा भुंगा याहून चंचल, पण तोही एका झुबक्यातील एक फूल झाले की शेजारच्या फुलाकडे वळतो. दुसऱ्या फुलावर आधीच थांबलेल्याला तो भेटतो. आपली सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नये, कारण मोठ्या आवाजाने न उडणारा कीटकही अंगावरून सरकलेल्या सावलीने उडून जातो.

एका प्रतलाने भागत नसेल तर अनेक प्रतले घेऊन ती जोडावी, ही कल्पना आज फोकस स्टॅकिंग या नावाने घरोघर पोहोचली आहे, पण तिचे बीज फार जुने आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली मायक्रोग्राफिया हा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या सूक्ष्मदर्शकाचा पट्टाही असाच पातळ होता, आणि माशीच्या डोळ्याचे रूप तर उजेडाच्या दिशेबरोबर पालटत होते: एका उजेडात बारीक छिद्रांची जाळी, उन्हात सोनेरी खिळे ठोकलेला पृष्ठभाग, आणखी एका स्थितीत पिरॅमिडांनी झाकलेला पृष्ठभाग. खरा आकार कोणता, याची निरनिराळ्या उजेडांत आणि निरनिराळ्या बाजूंनी पाहून खातरजमा झाल्याखेरीज चित्राला हात घालायचा नाही, असा त्याने नियम ठेवला. म्हणजे आज संगणक जे अनेक छायाचित्रे एकत्र करून साधतो, ते हूक आपल्या बुद्धीत आणि लेखणीत करीत होता. मुंगीने मात्र त्याला फार त्रास दिला. पाय मेणात रुतवले तर ती अंग पिळवटी, मारली तर तिचा देह आकसून जाई. अखेर त्याने तिला मद्यात बुडवले, तेव्हा ती सुमारे तासभर निपचित पडली, आणि नंतर झोपेतून जागी झाल्यासारखी उठून पळून गेली.

स्टॅकिंगमध्ये कॅमेरा अणुमात्र पुढे सरकवत एकामागून एक छायाचित्रे घेतली जातात, प्रत्येकातील तेवढा स्पष्ट पापुद्रा संगणकाची प्रणाली उचलते, आणि त्या सर्वांचे एक सलग चित्र बनवते. लेव्हन बिस या छायाचित्रकाराने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील कीटकांवर हे काम केले, आणि २०१६ साली त्याचे प्रदर्शन तेथेच भरले. सूक्ष्मदर्शकाचे भिंग कॅमेऱ्याला जोडून, एका छायाचित्रापासून दुसऱ्यापर्यंत एक शतांश मिलिमीटर एवढेच सरकत, कीटकाचे शरीर सुमारे तीस भागांत विभागून आणि प्रत्येक भागाला त्याच्या पोताप्रमाणे वेगळा उजेड देऊन त्याने जे केले त्यात एकेका चित्रामागे आठ हजारांच्या आसपास छायाचित्रे आहेत. मिलिमीटरांत मोजायचा भुंगेरा तेथे तीन मीटरांच्या चित्रात उभा राहिला. संग्रहालयातील टाचणी टोचलेल्या नमुन्याला ही पद्धत न्याय देते, यात शंका नाही. जिवंत कीटकावर ती पहाटेच्या निश्चल घटकेतच चालते, आणि तेथेही वारा नसला तरच. मधल्या एका क्षणी शृंगिका हलली की अंतिम चित्रात दोन शृंगिका दिसू लागतात, आणि एकमेकींवरून गेलेल्या केसांभोवती प्रणालीला निर्णय न करता आल्यामुळे धुरकट कडा राहतात. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखे धारदार, काळ्या पार्श्वभूमीवर टांगल्यासारखे दिसणारे चित्र मला अभ्यासासाठी आवडते. पण जिथे डोळा आणि पुढचा पाय एवढेच स्पष्ट आहेत आणि बाकीचा देह हळूहळू गवताच्या हिरव्यात विरत गेला आहे, असे एकाच क्षणी टिपलेले चित्र मला अधिक सत्य वाटते, कारण तेथे कीटक आपल्या जागी आणि आपल्या कामात दिसतो.

या ठिकाणी एका वाईट प्रथेचा उल्लेख करणे भाग आहे. कीटक स्थिर मिळावा म्हणून त्याला डबीत घालून काही काळ फ्रिजमध्ये ठेवणे, आणि तो गारठून सुन्न झाला की फुलावर मांडून छायाचित्र घेणे, असा प्रकार काही जण करतात आणि त्या चित्राखाली निसर्गातील क्षण म्हणून नाव घालतात. हूकच्या काळी कीटकाची रचना फार थोड्यांनी पाहिली होती, म्हणून त्याच्या मद्याला ज्ञानाची सबब होती. आपल्याला ती नाही. अशा चित्रातील कीटक जाणकाराला लगेच ओळखू येतो: पाय पोटाखाली आवळलेले, शृंगिका खाली पडलेल्या, आणि तो ज्या फुलावर बसवलेला असतो त्या फुलाशी त्या जातीचा पुष्कळदा काहीच संबंध नसतो.

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी उडत्या जीवांमागे न जाता परसातल्या किंवा गच्चीवरच्या कढीलिंबाच्या कुंडीपाशी बसावे. कोवळ्या पानांवर कॉमन मॉर्मन फुलपाखराची फिकट पिवळी, जवळजवळ एक मिलिमीटर व्यासाची गोल अंडी सापडतात. पट्ट्याची जाडी आणि अंड्याचा व्यास येथे सारखाच असल्यामुळे फोकस कोठे चुकला ते ताबडतोब दिसते, आणि अंडे उडून जात नाही. त्यानंतर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी, मग हिरवी मोठी अळी, मग कोष, अशी पायरीपायरीने अवघड होत जाणारी शाळाच एका कुंडीत भरते. मॅक्रो भिंग नसेल तर जुन्या पन्नास मिलिमीटरच्या भिंगामागे एक्स्टेन्शन ट्यूब जोडावी, किंवा भिंगापुढे बसणारे रेनॉक्ससारखे वर्धक भिंग घ्यावे. दोहोंचा खर्च मूळ मॅक्रो भिंगाच्या मानाने पुष्कळ कमी आहे. मोबाइल फोनचा सेन्सर लहान असल्याने त्याच्यात स्पष्टतेचा पट्टा अधिक जाड मिळतो, आणि त्याला चिमट्याने लावायच्या छोट्या भिंगाने काढलेली सुंदर छायाचित्रे मी पाहिली आहेत.

आणि छायाचित्र साधले की ते केवळ भिंतीसाठी किंवा मित्रांना दाखवण्यासाठी ठेवू नये. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्याचे फुलपाखरू घोषित केले, तरी आपल्या गावात कोणती फुलपाखरे, कोणते चतुर आणि कोणत्या टाचण्या आहेत याची यादी फारच थोड्या गावांना ठाऊक आहे. कृष्णमेघ कुंटे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी उभारलेला भारतीय फुलपाखरांचा नोंदसंग्रह हौशी लोकांनी पाठवलेल्या छायाचित्रांवरच वाढला आहे, आणि त्यात चित्राच्या सौंदर्यापेक्षा ओळख पटण्याजोगा भाग स्पष्ट असणे अधिक महत्त्वाचे मानतात. फुलपाखराच्या पंखांची खालची बाजू समांतर प्रतलात घ्यावी. नर चतुराची किंवा टाचणीची जात बहुधा शेपटीच्या टोकाशी असलेल्या उपांगांवरून ठरते; म्हणून डोळ्याचे छायाचित्र मनासारखे झाल्यावर, कीटक अजून बसलेला असेल तर, एक छायाचित्र शेपटीच्या टोकावर फोकस ठेवून अवश्य घ्या, आणि त्याखाली तारीख, गावाचे नाव आणि तो ज्या झाडावर किंवा पाण्याकाठी होता त्याची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवा.